नागपुरात नवा संसार मांडताना: आधी ऊन बघा, मग सामान घ्या

नागपुरात बरीच लग्नं अक्षय तृतीयेच्या आगेमागे होतात. त्यामुळे नव्या जोडप्याचं बिऱ्हाड हलतं ते नेमकं एप्रिल-मेमध्ये, पारा ४४-४५ला टेकलेला असताना. कुणी मिहान या औद्योगिक क्षेत्रातल्या नोकरीसाठी पुण्याहून येतं, कुणाची बदली होते, कुणी महाल या जुन्या वस्तीतल्या मोठ्या घरातून निघून मनीषनगरात दोन खोल्या घेतं. घाई सगळ्यांनाच असते, आणि घाईत पहिला खर्च होतो तो सोफा, पलंग आणि टीव्हीवर. माझं कळकळीचं सांगणं असं, की या शहरात घर लावायचं ते उन्हाच्या हिशोबानं. कोणती भिंत रात्रीपर्यंत तापलेली राहते, मे महिन्यात पाणी किती वेळ येतं, वारा कुठल्या खिडकीतून फिरतो, हे कळेपर्यंत मोठी खरेदी थांबवा. पहिला महिना मोजक्या वस्तूंवर निघतो. पुढचं सामान ऋतू बघून घेतलं की पैसे वाचतात, आणि दोघांची चिडचिडही कमी होते.

घर बघायला दुपारी जा

सकाळी आठ-नऊला कुठलंही घर गार वाटतं, म्हणून दुपारी तीन-चारला जा. पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावून बघा. हात ठेववत नसेल तर त्या खोलीत झोपायचं नाही, एवढं तिथेच ठरवा. बेडरूम पूर्वेला किंवा उत्तरेला असली तर निम्मं काम झालं. सगळ्यात वरच्या मजल्याचं भाडं कमी असतं, पण स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री अकरापर्यंत खोलीत सोडत राहतो. बजेटमध्ये वरचाच मजला बसत असेल, तर गच्चीवर पांढऱ्या परावर्तक रंगाचे किंवा निदान चुन्याचे दोन हात मारून द्यायला घरमालकाला आधीच सांगा. फार मोठा खर्च नाही आणि फरक पहिल्याच रात्री कळतो.

पाण्याची चौकशी दलालाकडे करू नका, खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारा: "काकू, मेमध्ये टँकर बोलवावा लागतो का? पैसे कोण देतं?" शहराला पेंच आणि कन्हानचं पाणी मिळतं, पण बेसा, पिपळा, हुडकेश्वरकडच्या वाढत्या वस्त्यांत बोअरवेल आणि टँकरवर भागवणाऱ्या इमारती आहेत. बोअरचं पाणी असेल तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजून घ्या. जड पाण्याचा पांढरा थर गीझरच्या कॉइलवर, नळाच्या तोटीवर आणि कूलरच्या पॅडवर सारखाच बसतो, आणि तीनही गोष्टी लवकर निकामी होतात. आरओ घ्यायचा की साधा फिल्टर पुरेल, हेही त्या आकड्यावरच ठरतं.

तळमजला बघत असाल तर आणखी एक प्रश्न विचाराच. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउटसारख्या भागांत घरांमध्ये पाणी शिरलं. नाग नदीच्या किंवा नाल्याच्या जवळ घर घेत असाल तर त्या दिवशी तिथे पाणी कुठवर आलं होतं, ते शेजाऱ्यांना विचारा. भिंतीवरच्या खुणा रंगवून टाकल्या तरी माणसं विसरलेली नसतात.

दोघांची ऑफिसं शहराच्या दोन टोकांना असतील तर मेट्रोजवळ घर बघा. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर अशा दोन मार्गिका सीताबर्डीला मिळतात. मेमध्ये भर दुपारी दुचाकीवर दहा किलोमीटर जाणं रोजचं होणार असेल, तर थोडं जास्त भाडं देणं परवडलं.

करार मात्र नीट करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ५५नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार आता घरबसल्या ऑनलाइन नोंदवता येतो, आणि पुढे गॅसपासून बँकेपर्यंत पत्त्याचा पुरावा म्हणून तोच चालतो. करारात कूलरच्या स्टँडसाठी आणि एसीच्या पाइपसाठी भिंतीला भोक पाडायची परवानगी लिहून घ्या. घराचा मंजूर वीजभार किती आहे, तेही त्याच वेळी विचारा. जुन्या घरात तो अगदी कमी असू शकतो, आणि एसी लावल्यावर फ्यूज उडायला लागला की मग महावितरणकडे भार वाढवून घेण्याचं काम भर उन्हाळ्यात निघतं.

रिकाम्या घरातले दोन दिवस

किल्ली मिळाल्यावर सामान आणायच्या आधी दोन दिवस हातात ठेवा. घर रिकामं असताना जे दिसतं ते नंतर कपाटामागे जातं.

पहिल्या दिवशी इलेक्ट्रिशियन बोलवा आणि अर्थिंग तपासून घ्या. बोर्डावर तीन पिनांचा सॉकेट दिसला म्हणजे अर्थिंग आहे असं नाही, बऱ्याच जुन्या घरांत ती तार जोडलेलीच नसते. मेन बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. हे मी इतक्या आग्रहानं का सांगतो, ते कूलरच्या भागात येईलच. मग दारांच्या चौकटी बोटानं ठोकून बघा. पोकळ आवाज आला किंवा मातीची बारीक नळी चढलेली दिसली, तर ती वाळवी आहे. तिचा बंदोबस्त घर रिकामं असतानाच होतो. खिडक्यांना डासांची जाळी नसेल तर तीही आत्ताच बसवा.

दुसऱ्या दिवशी खडू घ्या. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता ऊन फरशीवर जिथवर येतं तिथे रेघ मारा. कागदावर खोलीचा आराखडा काढून त्यात या रेघा, खिडक्या, प्लग आणि दार उघडतं ती बाजू दाखवा. मग मोजपट्टीनं जिन्याची रुंदी, वळणावरची जागा आणि लिफ्टचं दारही मोजून ठेवा. सहा बाय साडेसहाचा पलंग दुसऱ्या मजल्यावर चढवताना अडकतो तो बहुतेक जिन्याच्या वळणावर. हा कागद फोनमध्येही ठेवा, कारण तो पुढे दोन्हीकडच्या आईवडिलांना पाठवायचा आहे.

पहिल्या महिन्यात काय लागतं

दोघांना झोपायला गादी, स्वयंपाकाची भांडी आणि गॅस, पाणी भरून ठेवायची सोय, पश्चिमेच्या खिडकीला आडोसा, मच्छरदाणी आणि एक कूलर. फ्रिज उन्हाळ्यात हवाच. दोघांना अडीचशे लिटरच्या आतला पुरतो. टीव्ही, सोफा, डायनिंग टेबल, शोकेस यांना थांबू द्या.

गादी कापसाची घ्या. आपण कापसाच्या मुलखात राहतो आणि गादीवाला अजून प्रत्येक वस्तीत आहे. समोर बसून कापूस भरून घेता येतो. फोमची गादी अंगाची उष्णता धरून ठेवते, आणि नवतप्यात (मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत) त्यावर झोप लागत नाही. कापसाच्या गादीला महिन्या-दोन महिन्यांनी ऊन दाखवावं लागतं, काही वर्षांनी पिंजून घ्यावी लागते, पण उन्हाची इथे वाण नाही. पाहुण्यांसाठी दोन पातळ गाद्या जास्तीच्या भरून घ्या. नव्या घरी माणसं येतातच, आणि उन्हाळ्यात त्याच गाद्या गच्चीवर नेता येतात.

खिडकीला पडद्यापेक्षा बाहेरून बांधलेली हिरवी जाळी जास्त उपयोगी. उन्हाळ्यात महापालिका सिग्नलवर टांगते, तशीच. पडदा काचेच्या आत असतो, तोपर्यंत उष्णता घरात आलेली असते. जाळी तिला काचेच्या बाहेरच अडवते. पडदे गांधीबागेत कापड घेऊन शिवून घ्या. पश्चिमेच्या खिडकीसाठी अस्तर लावलेला जाड पडदा, बाकीच्यांना सुती. दक्षिण आणि पश्चिम सोडून इतर खिडक्यांवर जास्त पैसे घालू नका.

कूलर

नागपुरात घर लावायचं म्हटलं की हीच खरी मोठी खरेदी, म्हणून यावर जरा थांबतो.

कूलर चालतो तो कोरड्या हवेवर. ओल्या पॅडमधून हवा जाताना पाण्याची वाफ होते आणि हवा गार होते. म्हणून त्याला बाहेरची हवा मिळाली पाहिजे आणि आत आलेली हवा निघून जायला वाट पाहिजे. कूलर खिडकीच्या बाहेर स्टँडवर बसवा आणि समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी चारेक बोटं उघडी ठेवा. नवी माणसं एसीच्या सवयीनं सगळं बंद करून कूलर लावतात. अर्ध्या तासात खोली दमट होते आणि मग कूलर खराब आहे असं वाटतं. खिडकी सावलीतली निवडा, उत्तरेची सगळ्यात चांगली. पंखा सुरू करण्याआधी पाच-दहा मिनिटं नुसती पाण्याची मोटर चालवून पॅड भिजू द्या.

दहा बाय बाराच्या खोलीला १५-१६ इंची पंख्याचा कूलर पुरतो, हॉलला १८ इंची घ्या. प्लॅस्टिकचा कूलर हलका आणि विजेच्या दृष्टीनं तुलनेनं सुरक्षित, पत्र्याचा जास्त हवा देतो आणि दुरुस्तीला सोपा. पॅडमध्ये वुडवूल (लाकडाचा बारीक भुसा-तंतू) स्वस्त, दरवर्षी बदलायचं. वाळा महाग, पण पहिल्या पाण्यानंतर खोलीत जो वास दरवळतो त्यासाठी मी निदान बेडरूमला तरी वाळाच घ्या म्हणेन. हनीकोंब पॅड दोन-तीन हंगाम टिकतात, मात्र बोअरच्या जड पाण्यानं त्यांची भोकं बुजतात. टाकीला फ्लोट लावून नळाची बारीक नळी जोडली की रात्री उठून बादल्या ओताव्या लागत नाहीत. साठ-सत्तर लिटरची टाकी म्हणजे तेवढेच किलो वजन बाहेर लटकलेलं असतं, तेव्हा स्टँडचे बोल्ट भिंतीत पक्के आहेत ना आणि कूलर ग्रीलला तारेनं बांधलाय ना, ते स्वतः हात लावून बघा.

आता अर्थिंगचं. पत्रा, पाणी आणि वीज एकत्र आले की धोका असतोच, आणि विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या येतात, लहान मुलांच्याही. कूलरला तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग असल्याशिवाय तो लावू नका. पाणी भरताना, पॅडला हात लावताना, टाकी पुसताना आधी बटण बंद करा आणि प्लगही काढा. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कूलरला हात लावायचा नाही, हा नियम घरात येणाऱ्या प्रत्येकाला सांगा. कामाला येणाऱ्या मावशींना तर पहिल्याच दिवशी.

आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून आतून घासून कोरडी करा. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि साधारण आठवड्याभरात त्यातून डास तयार होतात. नुसतं पाणी बदलल्यानं ती जात नाहीत.

एसी घ्यायचा का? दोघांपैकी एकाची रात्रपाळी असेल आणि दिवसा झोपावं लागत असेल, तर बेडरूमला जरूर घ्या. नाहीतर पहिला उन्हाळा कूलरवर काढून बघा. हिशोब असा: कूलर दोनशे वॅटचा धरला तर दहा तासांत दोन युनिट. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट, म्हणजे आठ तासांत आठ. महिन्याला ६० आणि २४० असा हा फरक, आणि घरगुती विजेचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढत जातो. एसी २५-२६वर ठेवून छताचा पंखा हळू लावला की खोली तेवढीच गार वाटते.

स्वयंपाकघर

आधी रुखवतात आणि आहेरात काय आलंय ते खोक्यांतून काढून बघा. स्टीलचे डबे आणि ताटं भरपूर निघतात, आणि रोज लागणारी लोखंडी कढई, तवा, तीन लिटरचा कुकर, कणीक मळायला कोपर (परात), सराटा (उलथणं) हे राहून जातं. दोघांना तीन-चार गंज (पातेली) पुरतात. उरलेलं इतवारीत घ्या. तिथे स्टील आणि पितळ वजनावर मिळतं, आणि हातात धरून जाडी कळते. उन्हाळ्यात स्वयंपाक सकाळी नऊच्या आत उरकायची सवय दोघांनी मिळून लावा. ओट्याजवळ एक्झॉस्ट पंखा हवा, आणि कूलरचा झोत शेगडीवर येत नाही ना ते बघा. आच विझली तर गॅस तसाच सुटत राहतो.

माठ फेब्रुवारी-मार्चपासून रस्त्याच्या कडेला मिळतो. नवा माठ एक दिवस पाणी भरून ठेवा, ते फेकून मग वापरा, आणि साबण कधी लावू नका. सावलीत, वारं लागेल अशा जागी तिपाईवर ठेवला की पाणी चांगलं गार होतं.

घरची मोठी माणसं वर्षाचे गहू भरून ठेवायला सांगतील. पहिल्या वर्षी नको. दोघं किती खातात, डबे किती दिवस बाहेर असतात, कोठी कुठे ठेवायची, यातलं काहीच ठरलेलं नसतं, आणि पावसाळ्यात सोंडे (धान्यातले किडे) लागले तर सगळं वाया. तीन महिन्यांचं भरा. तांदळात चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेला एचएमटी इथे घरोघरी चालतो. घेताना जुना मागा, नवा शिजवल्यावर गिचका होतो. ठोकात (घाऊक) किराणा मस्कासाथला, आणि भाजीला कॉटन मार्केट, गोकुळपेठ किंवा जवळचा आठवडी बाजार, जसा सक्करदऱ्याचा बुधवार बाजार.

दोघांचं बोलणं

सामानाच्या यादीआधी दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा: मला घरात कशाचा त्रास होतो? झोपताना उजेड, पंख्याचा आवाज, पसारा, थंडी. नागपुरात उन्हाळ्यातली खरी कुरबुर कूलरवरून होते, कारण पहाटे तीनला एकाला गारठा लागतो आणि दुसऱ्याला घाम येतो. गादी अशी टाका की झोत पायांकडून तिरपा येईल, ज्याला थंडी वाजते त्यानं लांबच्या बाजूला झोपावं, आणि पांघरुणं दोन ठेवा. एवढ्यानं बरंच निभतं.

खर्चाची एक वही करा आणि ठरावीक रकमेच्या वरची खरेदी दोघांच्या होकाराशिवाय करायची नाही असं ठरवा. रक्कम तुमची तुम्ही ठरवा. आंदण म्हणून पलंग-कपाट द्यायचं माहेरी ठरत असेल, तर तो मापांचा कागद आधी पाठवा आणि शक्य असल्यास दिवाळीपर्यंत थांबायला सांगा. हे सांगायचं ज्यानं त्यानं आपापल्या घरी. सुनेनं सासूला किंवा जावयानं सासऱ्यांना नको म्हणणं जड जातं, आणि प्रेमानं दिलेल्या वस्तूवरून मनं दुखावणं कुणालाच परवडत नाही.

पावसाळ्यात बघून घ्या, लाकूड दिवाळीला

जूनच्या मध्यानंतर पाऊस लागला की हवा दमट होते आणि कूलर चिकचिक करू लागतो. पाण्याची मोटर बंद करून नुसता पंखा चालवा, आणि पुढे पॅड काढून, टाकी कोरडी करून झाकून ठेवा. या दिवसांत भिंतीवर कुठे ओल येते तिथे पेन्सिलनं खूण करा, फोटो काढून घरमालकाला पाठवा. त्या भिंतीला पुढे कपाट टेकवायचं नाही.

पाऊस ओसरला की लाकडाचं बघा. बल्लारशाह-आलापल्लीचं सागवान देशभर नावाजलेलं आहे, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी तेच गेलं; आणि आपल्याला ते लकडगंजात मिळतं. लाकूड वाळलेलं असल्याची खात्री करा. ओलं लाकूड इथल्या मेमध्ये आक्रसतं, सांधे उघडतात, दारं वाकतात. सगळंच सागाचं करायची गरज नाही. पलंगाची चौकट सागाची आणि कपाट प्लायचं चालतं. सिंकखाली आणि ओलसर जागी ७१० ग्रेडचं (पाण्यात टिकणारं) प्लाय, कोरड्या जागी ३०३ पुरतं. शिक्का स्वतः बघा. भाड्याच्या घरात सगळं बोल्टचं, सुटं होणारं करा. उन्हाळ्यात धूळ फार येते, तेव्हा उघड्या फळ्यांपेक्षा दाराचं कपाट बरं. सोफा घ्यायचाच तर लाकडी चौकटीचा, निघणाऱ्या गाद्यांचा आणि सुती खोळींचा. रेक्झिन मेमध्ये अंगाला चिकटतं. खरं तर नव्या जोडप्याला एक दिवाण जास्त कामाचा, पाहुणा आला की त्याची झोपायची सोय होते. सुताराला गणपतीतच सांगून ठेवा, दिवाळीच्या तोंडावर कुणी हाती लागत नाही, आणि शेवटचा हप्ता सगळी दारं-ड्रॉवर उघडून बघितल्यावरच द्या.

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो. रजई त्याच गादीवाल्याकडून भरून घ्या, आणि दक्षिणेच्या खिडकीची हिरवी जाळी सोडा, म्हणजे खाली आलेल्या सूर्याचं ऊन दुपारभर खोलीत राहील. फेब्रुवारी संपताना जाळी परत बांधा आणि होळीच्या आत पॅड बदलून, मोटर आणि अर्थिंग तपासून घ्या. होळीनंतर कूलरवाल्याला चार-चार दिवस सवड नसते.